रिकाम्या बंदुकीचं ज्ञान : शूटिंग रेंजच्या नियमांची समीक्षा



विषय जाहीर झाल्यावर माझ्या दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, आयुष्यभर शंकराचार्य आणि कांट शिकवलात, आता ह्या बंदुका कुठून काढल्या?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की, १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि तेव्हापासून आपल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातली मुलंसुद्धा नेमबाजीबद्दल विचारायला लागली. खरं तर महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. अंजली भागवत एनसीसीतून रेंजवर आल्या आणि २००० मध्ये सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक घेतलं. पालक आता विचारतात, रायफल केवढ्याला पडते, जॅकेट कुठं मिळतं, नोकरीत कोटा आहे का. रेंजवर वागायचं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते भिंतीवरच्या फलकावर लिहिलेलं असतं, असं सगळे धरून चालतात.

माझी नात पुण्यात एअर रायफल शिकते. तिच्यामुळं मी दोन-तीन रेंजवर जाऊन बसलो. ती नेम धरत होती तेव्हा मी फलक वाचत होतो. आयुष्यभर मजकूर वाचायची सवय, दुसरं काय करणार? आज त्या फलकाची समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हणजे नुसते दोष काढणं असं मी समजत नाही. एखादी गोष्ट कशाच्या आधारावर उभी आहे आणि तो आधार कुठपर्यंत पुरतो, हे बघणं म्हणजे समीक्षा.

एकाच यादीत सगळं

जगभर कुठल्याही रेंजवर जा, चार नियम थोड्याफार फरकानं सापडतातच. अमेरिकेतले मरीन अधिकारी जेफ कूपर यांच्या नावानं ते ओळखले जातात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. ज्याचा नाश तुम्हाला चालणार नाही, त्यावर नळीचं तोंड कधी येऊ देऊ नका. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर नको. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागं काय आहे, हे माहीत करून घ्या.

आपल्याकडच्या फलकावर हे चार असतात, आणि त्यांच्याच खाली, त्याच अक्षरात, इतर दहा. मोबाइल बंद ठेवा. दुसऱ्याच्या शस्त्राला हात लावू नका. कान आणि डोळे झाका. मोठ्यानं बोलू नका. खाद्यपदार्थ आणू नका. बूट जागेवर काढा.

माझा पहिला आक्षेप इथं आहे. बूट कुठं काढायचे आणि नळी कुठं धरायची, ह्या दोन गोष्टी एका रांगेत बसवल्या की वाचणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटतात. शिवाय कुठल्याच नियमाचं कारण दिलेलं नसतं. ज्या नियमाचं कारण सांगितलं नाही, तो नियम कुणी बघत असेपर्यंतच पाळला जातो. हे मी चाळीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिलेलं आहे.

एक उदाहरण घेऊ. "खाद्यपदार्थ आणू नयेत." हे वाचून आपल्याला काय वाटतं? मुंग्या होतील, कचरा होईल. खरं कारण आहे शिसं. छर्रा शिशाचा असतो, .२२ ची गोळीही बहुधा शिशाचीच. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकातही शिशाची संयुगं असतात. उघड्या मैदानात धूर उडून जातो. बंदिस्त रेंजमध्ये ती बारीक धूळ हवेत राहते, टेबलावर बसते, बोटांना लागते, कपड्यांवरून घरी जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं घातक असतं, आणि त्याची सुरक्षित मात्रा अशी काही नाही. म्हणून चांगल्या इनडोअर रेंजवर हवा नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याच्या दिशेनं वाहती ठेवतात. म्हणून बाहेर पडताना साबणानं हात धुवायचे. म्हणूनच तिथं कोरडा झाडू मारायचा नाही, कारण खाली बसलेली धूळ झाडूनं पुन्हा वर उठते, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं.

आता सांगा, हे माहीत असलेला माणूस फायरिंग पॉइंटवर चहाचा कप घेऊन जाईल का? आपल्याकडं मात्र पालक आले, पाहुणे आले की पहिला चहा येतो, आणि तो थेट टेबलावर येतो. आदरातिथ्य म्हणून येतो. त्या मुलाला "चहा इथं नको, बाहेर ठेव" म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. हे ध्यानात ठेवा. आपल्या घरचे शिष्टाचार आणि रेंजचे शिष्टाचार एकमेकांच्या आड येतात, ही गोष्ट पुढंही पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

नसणं कसं कळतं?

आता पहिल्या नियमाकडं येऊ. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वाक्य अडतं, कारण ते उघडच खोटं आहे. रेंजवरच्या बहुतेक बंदुका बहुतेक वेळ रिकाम्याच असतात. मग खोटं वाक्य खरं मानून का वागायचं?

कारण "बंदूक रिकामी आहे" हे ज्ञान अभावाचं ज्ञान आहे. आपल्याकडं ह्यावर शेकडो वर्षं वाद झाला आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसं कळतं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच कळतं. कुमारिल भट्टांची मीमांसक परंपरा आणि अद्वैती म्हणतात, नाही, त्याला वेगळं प्रमाण लागतं, अनुपलब्धी. पण नुसतं "मला दिसलं नाही" एवढ्यानं भागत नाही. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं ठरत नाही. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, नजर त्याच जागी हवी. तरच न दिसणं हे नसण्याचं प्रमाण होतं.

हे बंदुकीला लावून बघा. बंद बंदुकीकडं पाहून ती रिकामी आहे हे कधीच कळत नाही. गोळी असती तरी ती दिसलीच नसती! म्हणून बोल्ट उघडायचा, मॅगझिन काढायचं, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत ह्याच्याही पुढची पायरी आहे. भडक नारिंगी रंगाचा सेफ्टी फ्लॅग बंदुकीत घालून ठेवायचा, आणि एअरगनमध्ये तो नळीच्या पूर्ण लांबीएवढा हवा. म्हणजे चेंबरपासून तोंडापर्यंत नळीत दुसरं काही नाही, हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं. अभाव डोळ्यांना दाखवायची ही युक्ती मला फार आवडली. आमच्या न्यायाच्या वर्गात असतो तर मी तो फ्लॅगच टेबलावर ठेवून शिकवलं असतं.

आणि शब्दप्रमाण? "रिकामी आहे, मी आत्ताच बघितली," असं प्रशिक्षकानं सांगितलं तर? रेंजवर ते चालत नाही. २१ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये 'रस्ट' नावाच्या सिनेमाच्या सेटवर छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गोळी लागून गेल्या. बंदूक धोक्याची नाही, असं सेटवर पुकारलं गेलं होतं. त्या पुकाऱ्यावर विश्वास ठेवला गेला. बंदुकीत खरी गोळी निघाली.

विल्यम क्लिफर्ड नावाचे इंग्रज गणिती आणि तत्त्वज्ञ होते. त्यांनी १८७७ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याच्या मनात येतं. पण तो स्वतःची समजूत घालतो, इतक्या सफरी झाल्या, हीसुद्धा होईल. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतात, तो दोषी आहे. आणि पुढं विचारतात, समजा जहाज बुडलं नसतं, तर? तरीही तेवढाच दोषी, कारण तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. "रिकामी आहे असं वाटलं" म्हणून ज्यानं नळी मित्राकडं वळवली आणि काही झालं नाही, तोही त्या जहाजमालकाच्याच पंक्तीतला. रेंजवर त्याला लगेच बाहेर काढतात. काही झालं नाही ना, मग कशाला एवढं, असं आपण म्हणतो. क्लिफर्ड तसं म्हणू देत नाहीत.

रिकामी दिशा

दुसरा नियम दिशेचा. नळी सुरक्षित दिशेला ठेवा. आपल्याला वाटतं, त्यात काय, वर धरायची. सिनेमातले सगळे पोलिस वरच धरतात. पण इनडोअर रेंजवर वर छत असतं, छतावर कदाचित दुसरा मजला असतो, मजल्यावर माणसं असतात. उघड्यावरही वर गेलेली गोळी कुठंतरी खाली येतेच. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढणारे हे विसरतात, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीनं शस्त्र कायद्यात त्याला स्वतंत्र गुन्हा केला. इतरांचा जीव धोक्यात येईल असा आनंदाचा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मला इथं आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवते. औंढ्याला नामदेव महाराज विसोबा खेचरांकडं गेले, तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय ठेव. नामदेवांनी पाय जिकडं ठेवले तिकडं पिंड उभी राहिली. नर्सीच्या नामदेवांना त्या दिवशी कळलं की रिकामी जागा नाही. गोष्ट अध्यात्माची आहे, मी तिला खाली ओढत नाही. पण बंदूक हातात घेतलेल्या माणसालाही तेच कळायला हवं. रिकामी दिशा आपोआप नसते. डावीकडं शेजारचा नेमबाज, मागं पालक, वर मजला, खाली स्वतःचा पाय. रेंज म्हणजे काय, तर माणसांनी खर्च करून, जाड भिंती घालून, गोळी अडवणारा सापळा बसवून, दार लावून मुद्दाम बांधलेली एकच एक रिकामी दिशा. तीसुद्धा सतत रिकामी नसते. लक्ष्य बदलायला कुणी पुढं गेलं की ती दिशा भरली. म्हणून माणूस पुढं असेपर्यंत बंदुकीला कुणी हात लावायचा नाही. नुसता पुसायलासुद्धा नाही.

छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल एक शब्द. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला आपल्याकडं परवाना लागत नाही. त्यामुळं ती खेळणं वाटते. शिवाय आपली सगळ्यांची पहिली रेंज म्हणजे जत्रेतला फुग्यांचा स्टॉल. तिथं रेषा नाही, चष्मा नाही, स्टॉलवाला फुग्यांच्या बाजूलाच उभा, आणि पोरं कोपरावर रेलून "मला दे, मला दे" करतायत. त्या स्टॉलवर आपण नेम धरायला शिकलो, वागायला शिकलो नाही. छर्रा डोळा फोडू शकतो. दहा मीटर एअर रायफलच्या रेंजवर आलेल्या मुलाच्या अंगातून आधी ती जत्रा काढावी लागते, असं एका प्रशिक्षकानं मला सांगितलं.

सुटली आणि सोडली

तिसरा नियम बोटाचा. ह्यावर मला भाषेच्या अंगानं बोलायचं आहे.

बातमी कशी येते बघा. "बंदूक साफ करताना गोळी सुटली." "पिस्तूल हाताळताना चुकून बार उडाला." मराठीत ह्या क्रियापदांच्या जोड्या आहेत. सुटणे आणि सोडणे, फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे. लहान मूल काय म्हणतं? "आई, कप फुटला." फोडणारा वाक्यातून गायब! "गोळी सुटली" ह्या वाक्यातही माणूस नाही. जणू गोळीलाच जायची घाई झाली होती.

काही वेळा यंत्रात बिघाड असतो, पडल्यावर बार होतो, हे मान्य. पण बहुतेक वेळा ट्रिगरवर बोट असतं, आणि बोट कुणाचं तरी असतं. रेंजच्या शिस्तीचा सगळा खटाटोप मला असा दिसतो की, तिथं "सुटली" हे क्रियापद हद्दपार करायचं. बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ, बंदुकीच्या अंगाला लावून ठेवायचं. हुकूम मिळाल्यावरच भरायची. सुरू म्हटल्यावरच झाडायची. थांबा म्हटल्यावर थांबायचं, त्याच क्षणी, अर्धा नेम धरलेला असला तरी. म्हणजे जी गोळी जाते ती सोडलेली असते, आणि सोडणारा कोण हे त्याला स्वतःला माहीत असतं. नीतिशास्त्रात आपण कर्तृत्व म्हणतो, ते ह्याहून वेगळं काही नाही. ॲरिस्टॉटल म्हणाला होता की सद्गुण सरावानं अंगात मुरतो. बोटाला लागलेली ही सवय मी त्यातच धरीन.

थांबा कुणी म्हणायचं?

आता मुख्य मुद्दा. इथपर्यंतचे नियम चांगले आहेत, कारणं समजली तर पाळतासुद्धा येतील. फलक जिथं गप्प बसतो ती जागा वेगळी आहे. नियम मोडणारा मोठा माणूस असेल तर काय?

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं धोका दिसला तर खेळाडूनं ताबडतोब अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून द्यायलाच हवा. पुष्कळ नागरी रेंजवर तर कुणीही, आज पहिल्यांदा आलेल्या पोरानंसुद्धा, "थांबा" ओरडलं की सगळ्यांनी बंदुका खाली ठेवायच्या असतात. ओरडणं चुकीचं निघालं तरी त्याला कुणी रागवायचं नाही. कागदावर हे सोपं आहे. आपल्या समाजात किती अवघड आहे, ते बघा.

रेंजच्या उद्घाटनाचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. गळ्यात हार, हातात रायफल, एक डोळा मिटलेला, बोट थेट ट्रिगरवर. आणि फोटो समोरून काढलेला! म्हणजे फोटोग्राफर कुठं उभा होता, ते तुम्हीच सांगा. सोबतचे लोक नळीच्या दोन्ही बाजूंना हसत उभे. त्या घोळक्यात प्रशिक्षक असतो. त्याला सगळं कळतं. तो बोलत नाही, कारण पाहुण्याला टोकू नये, असं आपल्यावर संस्कार आहेत. आणि मागं उभी असलेली बारा-चौदा वर्षांची मुलं त्या दिवशी जे शिकतात, ते कुठल्याच फलकावर नसतं. नियम लहानांसाठी असतात, हे ती शिकतात.

दुसरा संस्कार पूजेचा. खंडेनवमीला आपण शस्त्रं पुसतो, हळदकुंकू वाहतो, हात जोडतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण नमस्कार करणारा माणूस चेंबर उघडून बघत नाही. शस्त्राबद्दलचा आदर आपल्याकडं भक्तीच्या रूपात आहे, रेंजला तो संशयाच्या रूपात हवा असतो. पूजेआधी उघडून बघितलं तर पूजा बिघडत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मग आपल्या रीतीरिवाजात ह्याला आधार काहीच नाही का? आहे. तुम्ही मोंढ्यात हळदीचे, सोयाबीनचे पैसे घेता, तेव्हा अडत्या नोटा हातात देऊन काय म्हणतो? "मोजून घ्या." तो स्वतः तुमच्यासमोर मोजतो, तुम्ही पुन्हा मोजता. सख्खे भाऊ असले तरी मोजतात. कुणाला राग येत नाही, उलट न मोजता खिशात घातले तर अडत्याच म्हणतो, "अहो, बघून घ्या." संशय इथं अपमान नाही, ती रीत आहे. बंदूक देण्याघेण्याची रीत हुबेहूब हीच आहे. देणारा उघडून दाखवतो, आणि तरीही घेणारा स्वतः तपासतो. गुरूनं दिलेली असली तरी शिष्यानं तपासायची, आणि गुरूनं त्याबद्दल त्याला शाबासकी द्यायची.

म्हणून रेंज चालवणाऱ्यांना माझी सूचना अशी. फलकावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरात, एक ओळ लिहा: इथं कुणीही कुणालाही थांबवू शकतो. पाहुणे आले तर शाल, श्रीफळ, फोटो, चहा, सगळं दाराबाहेर करा. आत आल्यावर सर्वांत लहान खेळाडूनं त्यांना नियम सांगावेत, आणि त्यांनी ते उभं राहून ऐकावेत. मोठ्या माणसाचा मोठेपणा तिथं दिसेल.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

*एक शिक्षक :* सर, एवढा संशय शिकवला तर मुलांचा खेळातला आनंद जाणार नाही का?

नाही जाणार. मी बघितलं त्यावरून सांगतो, ज्या रेंजवर शिस्त पक्की असते तिथं मुलं निर्धास्त असतात. शेजारचा काय करील ही भीती नसते, म्हणून स्वतःच्या श्वासाकडं, नेमाकडं लक्ष देता येतं. एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डोक्यात धास्ती घेऊन तो लागत नाही.

*एनसीसीची एक विद्यार्थिनी :* सर, सीनियरनं नळी आमच्याकडं फिरवली, आम्ही थांबा म्हटलं आणि त्यांनी ऐकलंच नाही तर?

चांगला प्रश्न विचारलास, बेटा. आधी नळीच्या रेषेतून बाजूला हो. तुझ्या हातात बंदूक असेल तर ती लक्ष्याकडं तोंड करून खाली ठेव, उघडी ठेव, हात वर कर आणि मोठ्यानं पुन्हा म्हण, थांबा. रेंज ऑफिसरला सांग. सीनियर रागावले तर रागावू दे, त्याचं नंतर बघता येतं. आणि ज्या रेंजवर ऐकून घ्यायला कुणी ऑफिसरच नाही, तिथं थांबू नकोस. घरी ये आणि आईवडिलांना सांग. इथं बसलेल्या पालकांनो, मुलगी असं सांगत आली तर "तू कशाला मध्ये बोललीस" असं तिला म्हणू नका.